सायकलीवरून येणारी सुईण
(वार्षिक संमेलनातील महिला मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर न्यायाधीश, प्राध्यापक, उद्योजक आणि शल्यविशारद बोलून गेले. त्यांच्या मालिकेत एका निवृत्त परिचारिकेला स्थान देण्याचे औदार्य कार्यकारी मंडळाने दाखविले, याबद्दल मी मंडळाची मनःपूर्वक ऋणी आहे. मी विदुषी नाही. पालिकेच्या एका प्रसूतिगृहात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. पुस्तकांपेक्षा बाळंतिणींशीच माझा संबंध अधिक आला. तेव्हा माझ्या बोलण्यात काही न्यून आढळल्यास आपण ते उदार अंतःकरणाने पोटात घालावे, अशी प्रारंभीच विनंती करते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात गरीब शहरी वस्त्यांत बाळंतपणे करीत हिंडलेल्या इंग्रज सुईणींच्या आठवणी, हा आजचा माझा विषय. ज्ञातीच्या संमेलनात विलायतेतील सुईणींचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात उभा राहिला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. तोवर आपण थोडा धीर धरावा.

या आठवणींपैकी सर्वांत गाजलेल्या आठवणी जेनिफर वर्थ या बाईंच्या. त्यांचा जन्म १९३५ चा. परिचर्येचे आणि सुईणपणाचे शिक्षण घेऊन त्या ऐन पंचविशीच्या आत लंडनच्या पूर्व भागातील पॉप्लर या गोदी कामगारांच्या वस्तीत कामाला आल्या. एखाद्या छोट्या खाजगी रुग्णालयात आपली नेमणूक झाली आहे, अशी त्यांची समजूत होती. दार उघडले तेव्हा कळले, की हा जोगिणींचा मठ आहे! धर्माकडे त्यांचा फारसा ओढा नव्हता. तरीही ज्या जोगिणी रात्री-अपरात्री गरिबांच्या घरी जाऊन बाळंतपणे करीत, त्यांच्या सहवासात त्या राहिल्या आणि तेथेच त्यांचे आयुष्य घडले. पुढे १९७३ साली त्यांनी परिचर्या सोडली व संगीताला वाहून घेतले. मठातील दिवस मनात तसेच राहिले.

ते कागदावर कसे उतरले, ही हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९९८ साली टेरी कोट्स नावाच्या एका सुईणबाईंनी आपल्या व्यवसायाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. साहित्यात डॉक्टर दिसतात, परिचारिका दिसतात. सुईण मात्र जवळजवळ कोठेच दिसत नाही, अशी त्यांची खंत होती. जनावरांच्या डॉक्टरांच्या जीवनाला जसा जेम्स हेरियट हा लेखक लाभला, तसा सुईणींना कोणी लाभावा, असे त्यांनी म्हटले होते. साठी ओलांडलेल्या वर्थबाईंनी तो लेख वाचला आणि लेखणी हाती घेतली. ‘कॉल द मिडवाइफ’ हे पहिले पुस्तक २००२ साली निघाले, दुसरे २००५ साली आणि तिसरे २००९ साली. २०११ साली त्या निवर्तल्या आणि २०१२ च्या जानेवारीत त्यांच्या आठवणींवर आधारलेली मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. ती आपल्यापैकी कोणी कोणी पाहिलीही असेल. याच धर्तीवर डॉट मे डन या बाईंनीही १९५६ सालच्या आपल्या उमेदवारीच्या आठवणी २०१० मध्ये प्रसिद्ध केल्या. एका लेखातील खंतीने एक अबोल व्यवसाय बोलता झाला.

आता ही पॉप्लरची वस्ती कशी होती ते पाहू. ईस्ट इंडिया आणि वेस्ट इंडिया या नावांच्या प्रचंड गोद्यांच्या कडेला ती वसली होती. त्या गोद्यांशी आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्याचेही नाते होते. आगबोटींवर खलाशी, आगवाले आणि बटलर म्हणून गेलेली आपल्याकडची कितीतरी माणसे लंडनच्या गोद्यांत उतरत. त्यांच्यासारख्या परदेशी खलाशांसाठी जवळच्याच लाइमहाउस भागात १८५७ साली एक निवासगृहही उघडले गेले होते. १९४० च्या सप्टेंबरपासून जर्मन विमानांनी या भागावर बाँबचा वर्षाव केला. युद्ध संपून दहा-बारा वर्षे लोटली, तरी पडक्या भिंती आणि ओसाड जागा तशाच होत्या व त्यांत मुले खेळत होती. जी घरे उभी होती त्यांत एका कुटुंबाला दोन-तीन खोल्या मिळत. जुन्या इमारतींत पाण्याचा नळ आणि संडास अनेक बिऱ्हाडांत मिळून असत. मधल्या चौकात दोऱ्यांवर कपडे वाळत. परळ-लालबागच्या चाळींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही.

अशा घरांत सुईण जाई ती सायकलीवरून. मागे काळी पेटी बांधलेली. धुके असो, बर्फ असो, पहाटेचे तीन वाजलेले असोत, निरोप आला की निघायचे. बिछान्यावर जाड तपकिरी कागद अंथरायचा, पाणी उकळायला ठेवायचे, हात घासून धुवायचे, आणि मग बसून राहायचे. भगिनींनो, सुईणपणाचे अर्धे शास्त्र या बसून राहण्यात आहे. लाकडी नळीचे एक टोक पोटावर आणि दुसरे कानाला लावून बाळाचे ठोके ऐकायचे, बाईच्या कळा मोजायच्या, आणि निसर्गाचा मार्ग नीट चालला असेल तर त्यात हात घालायचा नाही. तो नीट चालला नसेल तर मात्र क्षणाचाही विलंब करायचा नाही. कोपऱ्यावरील टेलिफोनकडे कोणालातरी पळवायचे. मग रुग्णालयातून डॉक्टर आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन गाडी धावत येई. वेदना कमी करण्यासाठी वायू हुंगविण्याचे छोटे यंत्र १९३६ पासून सुईणींना वापरता येऊ लागले होते. बाळंतपणानंतरही दहा-चौदा दिवस सुईण घरी येऊन आई व बाळ दोघांना पाहून जात असे.

हे सारे आपोआप घडून आले, असे कोणी समजू नये. एके काळी तेथेही शेजारपाजारची कोणी जाणती बाईच बाळंतपण उरकीत असे. १९०२ साली कायदा होऊन शिक्षण व नोंदणी आली. १९३६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर पगारी सुईणी नेमण्याची जबाबदारी टाकली. आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा गोदीतल्या हमालाच्या बायकोला आणि सरदाराच्या सुनेला सारख्याच हक्काने विनामूल्य सेवा मिळू लागली. परिणाम पाहा. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये दर हजार बाळंतपणांमागे सुमारे चार माता दगावत असत. १९५० च्या सुमारास हे प्रमाण हजारी एकाच्याही खाली आले. सूतिकाज्वरावरील नवी औषधे, रक्त देण्याची सोय, युद्धकाळातही गरोदर स्त्रियांना शिधापत्रिकेवर मिळालेले जादा दूध, आणि शिकलेली सुईण, या सर्वांचे ते संयुक्त फळ होते.

वर्थबाईंच्या पुस्तकातील तीन प्रसंग मी आपल्याला थोडक्यात सांगते.

चोवीस लेकरांची आई असलेली एक स्पॅनिश स्त्री. नवऱ्याला तिची भाषा येत नाही आणि तिला त्याची. तरीही घर प्रेमाने भरलेले. पंचविसाव्या खेपेला ती पडते आणि लंडनच्या दाट, विषारी धुक्याच्या रात्री दिवस भरण्याआधीच बाळंत होते. मूल ओंजळीत मावेल एवढेसे. डॉक्टर ते रुग्णालयात नेऊ पाहतात. ती बाळाला उराशी घट्ट धरते आणि सोडीत नाही. ती त्याला स्वतःच्या उबेत ठेवते, काचेच्या कांडीने दुधाचा थेंब थेंब त्याच्या ओठांवर सोडते, आणि ते मूल जगते. पुढे १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आज ती आपल्याकडील प्रसूतिगृहांतही रूढ आहे. शास्त्र जेथे नंतर पोहोचले, तेथे ती अडाणी माता आधीच उभी होती. याचा अर्थ रुग्णालय नको असा मात्र कोणी करू नये. अशी जगलेली मुले पुस्तकांत येतात. न जगलेली येत नाहीत. मी ती पाहिली आहेत.

दुसरा प्रसंग एका म्हातारीचा. अंगावर चिंध्या, जवळ गेले तर दुर्गंधी. ज्या ज्या घरी बाळंतपण असेल त्या त्या घराबाहेर ती उभी राही आणि सुईण बाहेर पडताच तिची बाही धरून विचारी, बाळ कसे आहे? तरुण सुईणीला तिचा तिटकारा येई. पुढे उलगडा होतो. वैधव्य आल्यावर उपासमारीमुळे ती मुलांना घेऊन अनाथ-निर्धनांच्या कामगृहात गेली होती. तेथे दाराशीच आई आणि मुले वेगळी केली जात. तिची मुले एकामागून एक तेथेच गेली आणि तिला ती दिसलीही नाहीत. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या बाळांची विचारपूस करीत हिंडते आहे. भगिनींनो, प्रसूतिगृहाच्या फाटकाशी विनाकारण घुटमळणाऱ्या बायका मीही पाहिल्या आहेत, आणि माझ्याकडूनही त्यांना हटकले गेले आहे. हे पान वाचल्यावर मी पुस्तक मिटले आणि पुष्कळ वेळ तशीच बसून राहिले.

तिसरा प्रसंग एका उतारवयातील गृहस्थाचा. उशिरा लग्न झालेले. मूल जन्मते ते काळ्या वर्णाचे. सुईण भयाने गोठून जाते, कारण अशा वेळी काय घडू शकते ते तिने पाहिलेले असते. तो मनुष्य बाळाला हातांत घेतो, त्याच्याकडे बराच वेळ पाहतो, जगात याच्यासारखे सुंदर मूल नाही अशा अर्थाचे काही बोलतो, आणि पुढे जन्मभर त्याचा बाप होऊन राहतो. त्याला काही कळले नव्हते की सर्व कळले होते, हे लेखिका ठरवू शकत नाही. मला विचाराल, तर जन्मलेल्या जीवाला कूळ विचारायचे नसते, एवढे त्याला निश्चित कळले होते.

या आठवणी वाचताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. त्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर लिहिलेल्या आहेत आणि त्यांतील माणसांची नावे बदललेली आहेत. स्मृती ही न्यायालयातील नोंदवही नव्हे. ती काही गाळते, काही सजवते. शिवाय लिहिणारी सुईण आहे. जिने कळा सोसल्या तिची लेखणी येथे चाललेली नाही. निकी लीप व बिली हंटर या दोघींनी १९९३ साली वृद्ध सुईणी आणि मातांना प्रत्यक्ष भेटून त्यांचे बोल संग्रहित केले. असे संग्रह शेजारी ठेवून ही पुस्तके वाचली, म्हणजे चित्र पुरे होते.

ते जग आता उरलेले नाही. वर्थबाई लिहितात, की १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मठाकडे महिन्याला ऐंशी ते शंभर बाळंतपणे असत. १९६३ साली ती चार-पाचांवर आली. १९६१ साली संततिनियमनाची गोळी आली, हे त्याचे कारण त्या देतात. १९७० च्या सरकारी समितीने तर प्रत्येक बाळंतपण रुग्णालयातच व्हावे अशी शिफारस केली. ईस्ट इंडिया गोदी १९६७ साली बंद झाली, वेस्ट इंडिया गोदी १९८० साली. आज तेथे पेढ्यांच्या गगनचुंबी इमारती उभ्या आहेत. सायकलीवरची सुईण पुस्तकापुरती उरली. पण उरली; कारण कोणीतरी ती लिहून ठेवली.

आता मी प्रारंभी राखून ठेवलेल्या उत्तराकडे वळते.

माझा जन्म गावच्या घरी, माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत झाला. माझी नाळ कापली ती सुईणीने. ती आपल्या ज्ञातीतील नव्हती. आपल्या कोणाचीच सुईण आपल्या ज्ञातीतील नसे. ती मागल्या दाराने येई आणि मागल्या दाराने जाई. सुपात तांदूळ, नारळ आणि एक जुने लुगडे तिला मिळे, आणि ती गेल्यावर तिने शिवलेले सारे धुऊन काढले जाई. आपल्या आज्या-पणज्यांचे प्राण जिच्या हातात होते, त्या हाताचा आपल्याला विटाळ होता. मी परिचारिका झाल्यावर आईला एकदा विचारले, त्या बाईचे नाव काय होते? आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “नाव कोण विचारतो, बाई? सगळे तिला सुईणच म्हणत.” माझ्या आईची पाच बाळंतपणे त्या बाईने केली.

आईला मी दोष देत नाही. कारण त्याच वृत्तीचा अंश माझ्यातही होता. मी परिचर्येला जाते म्हटल्यावर घरातील एक वडील मंडळी उद्गारली होती, “शिकवून सवरून सुईणपणच करणार का?” ते शब्द मला इतके लागले, की पुढे लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा माझ्या माहितीत ‘पालिकेत नोकरी’ एवढेच लिहिले गेले, आणि ते मी लिहू दिले. ज्या कामाने मला पोटाला अन्न आणि मनाला समाधान दिले, ते काम मी स्वतः लपविले. आज आपल्या सर्वांसमोर त्याची कबुली देते.

काळ बदलला, हे खरे. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी आपल्या प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला होता. त्यांचे स्वतःचे पहिले मूल दहा दिवसांतच दगावले होते. १९२६ साली परळला गिरणी कामगारांच्या स्त्रियांसाठी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. २०१८ ते २०२० या काळातील सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांची संख्या ३३ पर्यंत उतरली. देशाची सरासरी ९७ होती. या आकड्यांमागे डॉक्टर आहेत, तशाच रात्रपाळीला उशाशी बसलेल्या असंख्य परिचारिका आहेत. २०१८ साली तर केंद्र सरकारने सुईणपणात विशेष निष्णात अशा परिचारिका तयार करण्याची योजनाही आखली. म्हणजे ज्या कामाला आपण मागल्या दाराने बोलाविले, त्यासाठी आता राज्य पुढचे दार उघडीत आहे. आपल्या ज्ञातीचे दार कोणते, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून अध्यक्षमहाराज, दोन नम्र विनंत्या करते. आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना साहाय्य मिळते, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु परिचर्येची तीन वर्षांची पदविका घेऊ इच्छिणाऱ्या एका मुलीचा अर्ज, तो अभ्यासक्रम नियमांतील ‘उच्च शिक्षण’ या शब्दांत बसत नाही म्हणून परत गेला, असे मला समजले. तिचे वडील रिक्षा चालवितात. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना त्या वेळी ही मुलगी दिसली नव्हती. आता ती दिसली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत त्या नियमात एका शब्दाची भर घालावी, ही माझी पहिली विनंती. निवृत्तिवेतनातून साठविलेली एक छोटी रक्कम मी त्यासाठी आज निधीकडे देत आहे. ती थोडी आहे, पण कष्टाची आहे.

दुसरी विनंती माझ्या वयाच्या आणि माझ्याहून वडील भगिनींना. टेरी कोट्स यांच्या एका लेखाने तीन पुस्तके जन्माला घातली. आपल्या स्मरणिकेत आजवर देणगीदारांची नावे छापली गेली, गुणवंतांची छायाचित्रे छापली गेली. पुढील वर्षी चार पाने बाळंतपणाच्या आठवणींना द्यावीत. आपण कोठे बाळंत झालात, उशाशी कोण होते, कोणी धीर दिला, कोणते मूल राहिले आणि कोणते गेले, हे सांगा. लिहिता येत नसेल तर नातीला लिहून घ्यायला सांगा. आणि गावाकडे कोणी म्हातारी हयात असेल, तर त्या सुईणीचे नाव विचारून घ्या. ते नाव स्मरणिकेत छापू. तिची ज्ञाती कोणती, हे मात्र विचारू नका. तिने आपल्याला जगात आणताना ते विचारले नव्हते.

माझी नाळ कापणाऱ्या बाईचे नाव मी शोधायला निघाले तेव्हा फार उशीर झाला होता. आई गेली होती, गावातील जाणती माणसे गेली होती. ते नाव आता मला कधीच मिळणार नाही. आपल्याला ते मिळण्याची वेळ अजून टळलेली नाही.